रेझिन ड्राइव्ह-वेची दुरुस्ती: वरचा खड्डा भरण्याआधी खालचं बघा

या आठवड्याच्या व्हिडिओत मी खडी आणि रेझिन कालवून पॅच कसा भरायचा ते दाखवलंय. पण कॅमेऱ्यासमोर हिशोब नीट सांगता येत नाही आणि या कामात पैसे जातात ते हिशोबात. म्हणून हा लेख. आणि सुरुवात माझ्या चुकीपासूनच करतो, कारण त्या एका चुकीने मला 11,100 रुपयांना शिकवलंय.

माझं दुकान नाशिकला, हार्डवेअर आणि पेंटचं. वडिलांच्या काळापासूनची गिऱ्हाइकं. त्यातले एक द्राक्ष बागायतदार, आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो. गंगापूर धरणाच्या बाजूला त्यांचं फार्महाऊस आहे आणि गेटपासून पोर्चपर्यंत रेझिनचा ड्राइव्ह-वे. म्हणजे बारीक गोटीदार खडी रेझिनमध्ये कालवून, थापीने सपाट केलेला थर. दिसायला सुंदर, पाणी वर साचत नाही, चिखल होत नाही. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात नानांचा फोन आला. "अरे, गेटजवळची खडी सुटायला लागलीय. तू रेझिन विकतोस ना, मग बघ की जरा."

मी गेलो. गेटच्या आत साधारण 3 चौरस मीटरचा भाग खराब झाला होता, म्हणजे 32 चौरस फूट. खडी पायाने निघत होती. मी म्हटलं, "नाना, एका दिवसाचं काम आहे. 16,000 रुपये." नाना हो म्हणाले. मी खुशीत घरी आलो.

माझा हिशोब असा होता: खडी आणि रेझिन 7,800, दोन माणसांची एका दिवसाची मजुरी 1,800, टेम्पो 1,200, किरकोळ 700. एकूण 11,500. नफा 4,500. बीबीएला कॉस्टिंगच्या पेपरात मला बरे मार्क होते, त्यामुळे हा आकडा मला फार आवडला.

जुलैत पहिला जोराचा पाऊस झाला आणि पुन्हा फोन. या वेळी नाना फक्त एवढंच म्हणाले, "येऊन जा."

माझ्या पॅचमधून एक सरळ चीर गेली होती, इकडच्या टोकापासून तिकडच्या टोकापर्यंत. तिच्या दोन्ही बाजूंची खडी सुटली होती. कडेला जुना थर आणि नवा थर यांच्यात बोट जाईल एवढी फट. आणि एका कोपऱ्यात रेझिन पांढरं पडून फसफसल्यासारखं दिसत होतं. एका पॅचमध्ये तीन दोष.

मी छन्नीने थोडं उकरलं तर खाली पोकळ. विचारलं तेव्हा नाना म्हणाले, "इथनं ठिबकची पाइपलाइन नेली ना दोन वर्षांपूर्वी. चर खणला, पाइप टाकला, माती लोटली, वरून पातळ काँक्रीट मारलं आणि खडीवाल्याकडून पट्टा भरून घेतला."

"नाना, हे आधी सांगायचं ना!"

"तू विचारलंस का?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

खराब झालंय हे दिसतं, का झालंय ते शोधावं लागतं

मित्रांनो, दुरुस्तीच्या धंद्यात गिऱ्हाईक तुम्हाला खड्डा दाखवतं. पण खड्डा हा फक्त परिणाम असतो. कारण शोधलं नाही तर तुम्ही तोच खड्डा पुन्हा बुजवता आणि दुसऱ्या वेळी स्वतःच्या पैशाने.

आधी एक गोष्ट ओळखायला शिका. रेझिनचे ड्राइव्ह-वे दोन प्रकारचे असतात. एकात खडी रेझिनमध्ये पूर्ण कालवून थर देतात. गाडी चालणार असेल तर हा थर साधारण 15 ते 18 मिमी जाड असतो आणि त्यातून पाणी खाली जातं. दुसऱ्यात पृष्ठभागावर रेझिन पसरून वरून खडी भुरभुरतात. हा थर पातळ असतो, खडी टोकदार लागते आणि पाणी वरून वाहतं. दोघांची दुरुस्ती वेगळी. आज आपण पहिल्या प्रकाराचं बोलतोय.

आता खुणा बघा.

सरळ रेषेत चीर असेल तर दोष जवळजवळ नेहमी खालच्या थरात असतो. खाली काँक्रीटचा सांधा असतो, जुना चर असतो किंवा भराव खचलेला असतो. खालची चीर वर उमटते. वरून कितीही रेझिन ओता, ती परत येणार.

गेटजवळ किंवा पोर्चजवळ गोल आकारात खडी सुटली असेल तर तिथे लोक गाडी उभी असताना जागेवर स्टिअरिंग फिरवतात. टायर खडीला पिळतो. त्यात रेझिन कमी पडलेलं असेल तर तिथूनच सुरुवात होते.

सगळीकडेच थोडी थोडी खडी निघत असेल तर मूळ कामात रेझिनचं प्रमाण कमी होतं किंवा नीट कालवलेलं नव्हतं. इथे पॅच मारून उपयोग नाही. गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा.

पांढरे डाग, फुगे, फेस दिसला तर ओलावा. ड्राइव्ह-वेसाठी जे पॉलियुरेथेन रेझिन वापरतात त्याचा हार्डनर पाण्याशी प्रतिक्रिया करतो आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणून फेस येतो. थर पोकळ आणि कमकुवत होतो.

काळा, चिकट, मऊ पडलेला भाग असेल तर डिझेल, पेट्रोल किंवा ऑइल सांडलेलं असतं. रंग पिवळट-तपकिरी झाला असेल तर उन्हात न टिकणारं रेझिन वापरलेलं असतं. बाहेरच्या कामाला अॅलिफॅटिक पॉलियुरेथेन लागतं. ते उन्हाने पिवळं पडत नाही. इपॉक्सी आणि अॅरोमॅटिक पॉलियुरेथेन उन्हात रंग बदलतात. स्वस्त म्हणून ते घेऊ नका, सहा महिन्यांनी पॅच लांबून ओळखू येईल.

आणि पाणी वरच साचत असेल तर खडीमधली छिद्रं माती-गाळाने भरलीत. हे कधीकधी फक्त ब्रश आणि पाण्याच्या फवाऱ्याने सुटतं. तिथे दुरुस्ती विकू नका, सफाई विका. गिऱ्हाईक तुम्हाला लक्षात ठेवेल.

साइटवरचा अर्धा तास

आता मी कुठलीही साइट बघायला जातो तेव्हा सोबत हातोडी, स्क्रू-ड्रायव्हर, टेप, खडू आणि एक बादली असते. हातोडीच्या दांड्याने संपूर्ण भाग ठोकत जायचं. भरीव असेल तर टणक आवाज येतो, पोकळ असेल तर भद्द. पोकळ जागेला खडूने रेघ मारायची. बहुतेक वेळा खडूचा घेर खड्ड्यापेक्षा मोठा निघतो आणि तोच खरा मोजायचा असतो. स्क्रू-ड्रायव्हरने कडेची खडी उचकटून बघायची. बादलीभर पाणी ओतून ते कुठे जातं बघायचं.

मग प्रश्न. इथे कधी खणलं होतं का? पाइप, केबल, ड्रेनेज? काम कधी केलं होतं? खाली डांबर आहे की काँक्रीट? जड वाहन येतं का? नानांकडे द्राक्षाच्या हंगामात मालाचा ट्रक थेट आत यायचा, हेही मला नंतर कळलं.

या भेटीचे पैसे घ्या. मी घेतो आणि काम मिळालं तर बिलातून वजा करतो. सुरुवातीला लाज वाटते, पण आजाराचं निदान फुकट देणारा डॉक्टर तुम्ही पाहिलाय का?

दुसऱ्यांदा काम केलं तेव्हा

पावसात हे काम होत नाही, म्हणून थांबावं लागलं. नानांच्या गेटवर ते खड्डे तसेच राहिले आणि दर वेळी तिथून जाताना माझी मान खाली. ऑक्टोबरच्या मध्यावर पाऊस पूर्ण थांबला तेव्हा सुरुवात केली.

पहिलं, कापणी. मागच्या वेळी मी हातोडीने तोडलं होतं, कडा वेड्यावाकड्या आणि निमुळत्या झाल्या होत्या. निमुळत्या कडेला थर पातळ होतो आणि तिथूनच उचलतो. या वेळी ग्राइंडरला डायमंड ब्लेड लावून चौकोन सरळ कापला, कडा उभी ठेवली. ग्राइंडर चालवताना धूळ उडते, त्यात सिलिका असते आणि ती फुफ्फुसाला कायमची इजा करते. मास्क आणि गॉगल सगळ्यांना, मजुरालाही. पाणी मारून कापलं तर धूळ कमी होते, पण मग जागा पूर्ण वाळेपर्यंत रेझिनला हात लावायचा नाही.

दुसरं, खालचा थर. चर पुन्हा उकरला, पाइप तपासला. मुरूम थराथराने टाकून प्रत्येक थर धुम्मसने ठोकला. त्यावर जाळी टाकून 4 इंच काँक्रीट. पाणी मारून काँक्रीट पिकवलं आणि मग 28 दिवस वाट बघितली. नवीन काँक्रीटमध्ये ओलावा असतो, घाई केली तर रेझिन खालून फसफसतं. मध्ये जुना सांधा होता, तो लपवला नाही. तिथे धातूची पट्टी लावून सांधा वरपर्यंत आणला. चीर जाणारच असेल तर तिला आपण ठरवलेल्या जागेतून जाऊ द्यावं.

ओलावा तपासायची सोपी पद्धत लक्षात ठेवा. 18 इंच बाय 18 इंच प्लास्टिकचा जाड कागद चारही बाजूंनी टेपने चिकटवा आणि किमान 16 तास ठेवा. काढल्यावर खाली पाण्याचे थेंब दिसले किंवा काँक्रीट गडद झालं असेल तर थांबा.

तिसरं, खडी. पहिल्या वेळी माझ्या पोराने खडी सकाळी धुतली आणि दोन तास उन्हात टाकली. वरून वाळली, ढिगाच्या आत ओली राहिली. तो पांढरा कोपरा त्याचाच. खडी पूर्ण वाळवलेली, पिशवीबंद घ्या. साइटवर पिशव्या जमिनीवर नाही, फळीवर ठेवा.

चौथं, वेळ. नोव्हेंबरअखेर नाशिकला सकाळी दव पडतं. द्राक्षवाल्यांना हे मी काय सांगणार! मी आठ वाजता माणसं घेऊन हजर झालो तर नानांनी जमिनीवरून हात फिरवून दाखवला. "दव आहे. अकरापर्यंत चहा पी." दवबिंदूपेक्षा पृष्ठभागाचं तापमान किमान 3 अंश जास्त असायला हवं असा नियम आहे. नानांना नियम माहीत नव्हता, पण हात बरोबर सांगत होता. आम्ही अकराला सुरू केलं आणि तीनच्या आत थर संपवला.

पाचवं, कालवणी. रेझिन आणि हार्डनर अंदाजाने ओतायचं नाही. वजनकाटा ठेवा, कंपनीच्या डेटा शीटमधलं प्रमाण पाळा, शक्यतो पूर्ण किट एकाच वेळी वापरा. हळू फिरणाऱ्या ड्रिलला पॅडल लावून आधी ही दोन कालवायची, मग खडीत घालायची. प्रत्येक दाणा ओला दिसेपर्यंत फिरवायचं. प्रत्येक घाण्याला घड्याळ लावून सारखाच वेळ द्यायचा, नाहीतर रंगात फरक पडतो. छोट्या पॅचला बादली चालते. मोठं काम असेल तर आतले पाते फिरणारा मिक्सर भाड्याने घ्या. साध्या काँक्रीटच्या ड्रममध्ये हे मिश्रण नुसतं गोल फिरतं, गोळे होतात. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्वचेला आणि श्वासाला त्रास देतं. हातमोजे आणि मास्क सक्तीचे. उघडलेला डबा लगेच घट्ट बंद करा.

सहावं, थर. कापलेल्या उभ्या कडेला आधी नुसतं रेझिन ब्रशने लावायचं, म्हणजे जुना-नवा थर धरतो. मग मिश्रण टाकून पसरायचं, स्टीलच्या थापीने दाबत सपाट करायचं, जुन्या पातळीला मिळवायचं. मिश्रण घट्ट व्हायला लागलं की पुन्हा हात फिरवायचा नाही. घसरू नये म्हणून वरून थोडा काचेचा बारीक चुरा भुरभुरतात, या कामासाठीचा तयार मिळतो. माणूस चालायला साधारण 8 तास, गाडीला 24 ते 48 तास. थंडीत जास्त. नक्की आकडा डेटा शीटवर बघा आणि तेवढा वेळ दोरी बांधून ठेवा. "एकदाच गाडी काढतो" म्हणणारं कोणीतरी प्रत्येक घरात असतं.

माल किती लागतो?

अगदी सोपा हिशोब. 3 चौरस मीटर जागा, 18 मिमी थर. गुणाकार केला तर 0.054 घनमीटर. घट्ट बसलेलं मिश्रण घनमीटरला साधारण 1,700 किलो धरा, म्हणजे 92 किलो. वाया जाणारा माल धरून 100 किलो खडी. रेझिन खडीच्या वजनाच्या साधारण 7 टक्के, म्हणजे 7 किलो. तुमच्या रेझिनच्या शीटवर वेगळं प्रमाण असेल तर ते धरा. थर नेहमी कापल्यावर तीन ठिकाणी मोजा. मालक सांगतो 15 आणि निघतो 20, मग माल कमी पडतो आणि अर्ध्या कामात दुकानाकडे पळावं लागतं.

आता खरा हिशोब

दुसऱ्या वेळचा माझा खर्च: खडी-रेझिन 7,800. खालचा थर आणि काँक्रीट 5,200. दोन माणसं, तीन दिवस, 5,400. टेम्पोच्या दोन फेऱ्या 2,400. एकूण 20,800. पहिल्या कामातला 4,500 नफा वजा केला तर 16,300 रुपये खिशातून.

काम झाल्यावर नाना पैसे घेऊन दुकानात आले. मी म्हटलं, "नाना, नको. चूक माझी." ते म्हणाले, "वरची चूक तुझी. खालचा चर माझा." आणि काँक्रीटचे 5,200 काउंटरवर ठेवून गेले. राहिले 11,100. साइटवर एक प्रश्न विचारला असता तर हे वाचले असते. तरी मी नशीबवान. अनोळखी गिऱ्हाईक असतं तर पैसेही गेले असते आणि बाजारात नावही.

मी तेव्हा वाद घातला असता, की चर तुमचा, मी फक्त वरचं काम घेतलं होतं, तर कागदावर कदाचित मी बरोबर ठरलो असतो. पण कागदच नव्हता. कोटेशन तोंडी होतं. आणि वाद जिंकून नानांचं घर सुटलं असतं.

म्हणून कोटेशनमध्ये हे लिहाच

एक, कारण. "खालचा भराव खचल्यामुळे चीर" असं एका ओळीत. दोन, नेमकी जागा, मोजमाप आणि थराची जाडी, मोबाइलवर फोटोसकट. तीन, खालचा थर उघडल्यावर जास्त खराबी निघाली तर तिचा दर वेगळा, आणि तो दर आत्ताच लिहायचा. चार, रंगाचा फरक. जुना थर उन्हापावसात फिकटलेला असतो, नवा पॅच काही काळ वेगळा दिसणारच. फूटभर आकाराचा नमुना बनवून वाळलेल्या स्थितीत दाखवा आणि त्यावर सही घ्या. गिऱ्हाइकाला पॅच नकोच असेल तर दोन सांध्यांमधला पूर्ण पट्टा बदलायचा दर द्या. पाच, हमी कशाची आणि कशाची नाही. खडी सुटली तर माझी जबाबदारी. पुन्हा खणलं, ऑइल सांडलं किंवा जड ट्रक आणला तर नाही. सहा, किती दिवस गाडी आणायची नाही. सात, मालाचे पैसे आगाऊ.

एक आठवी गोष्ट कोटेशनवर नाही, तुमच्या वहीत लिहा: कमीत कमी बिल किती. 2 चौरस फुटांच्या पॅचलाही टेम्पो तोच, दोन माणसं तीच, दिवस तोच. चौरस फुटाच्या दराने गेलात तर छोटी कामं तुम्हाला खातात.

या कामात कोणी उतरावं?

नवीन ड्राइव्ह-वे टाकायला मोठा मिक्सर, चार-पाच सराईत माणसं आणि भांडवल लागतं. दुरुस्तीला ग्राइंडर, पॅडल ड्रिल, वजनकाटा, थाप्या आणि सुरक्षेचं सामान पुरतं. ज्यांचं पेंट, वॉटरप्रूफिंग किंवा टाइल्सचं काम आधीच आहे त्यांना ही चांगली जोड आहे. पण गिऱ्हाइकाच्या अंगणात शिकू नका. आधी घरामागे 2 फूट बाय 2 फूट काँक्रीटचा तुकडा करा, त्यावर थर द्या, तो कापा, पुन्हा भरा. मुद्दाम एकदा ओल्या खडीने करून बघा. तो फेस एकदा डोळ्यांनी पाहिला की आयुष्यभर खडी हाताने चाचपून घ्याल.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या कामात गिऱ्हाइकाला विचारायचे दहा प्रश्न वहीत लिहा. रेझिन असो, फर्निचर असो की केटरिंग. आणि पुढच्या साइटवर दर सांगण्याआधी ते दहाही विचारा.

परवाच नानांच्या गेटवरून गेलो. दोन पावसाळे झाले, पॅच जागेवर आहे. आता शेजारच्या फार्महाऊसवाल्याचंही काम आलंय. त्याला मी पहिला प्रश्न काय विचारला असेल, ते तुम्हाला माहीतच आहे.

भेटू पुढच्या व्हिडिओत. काम नीट करा, हिशोब त्याहून नीट ठेवा!